सहा टेबलांच्या बाई

पाहुण्याला जेवू घालणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या, पण कडी-कुलूप न लावता पाहुण्याला कोंडून ठेवणारी बाई उभ्या वाशीत एकच होती, आणि ती माझ्या दारासमोर राहत होती. मी त्यांना समोरच्या बाई म्हणायचे. त्याही मला समोरच्या बाईच म्हणायच्या. तिसऱ्या माणसाला त्यामुळे काही कळायचं नाही, पण आम्हा दोघींना कधी अडचण आली नाही.

वाशीत तेव्हा इमारती नव्या होत्या आणि रस्ते रिकामे. मुंबईची माणसं विचारायची, "त्या जंगलात राहायला गेलात?" आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यांचंही तेवढंच. फरक इतकाच की आमच्यात पाच माणसं होती आणि त्या एकट्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. फोर्टात एक जुनं बोर्डिंग हाउस होतं, तिथं चादरी, टॉवेल, पडदे यांचा हिशेब ठेवायचं काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. बोर्डिंग बंद पडलं तेव्हा मालकानं सगळ्या नोकरमाणसांना सांगितलं, आठवण म्हणून एकेक वस्तू न्या. कुणी पंखा उचलला, कुणी भिंतीवरचं घड्याळ, आचाऱ्यानं तर दीड हात रुंदीचं पातेलं नेलं. ह्यांनी एक संच म्हणून उचलली सहा टेबलं. घडीची. खाली कात्रीसारखे पाय, वर तबकासारखा पत्र्याचा माथा, त्यावर रंगवलेली फुलं. ती घासून घासून इतकी पुसट झाली होती की गुलाब आहेत की कोबी, ते सांगता येत नव्हतं. पूर्वी साहेब लोक त्यावर चहा पीत म्हणे. बाईंनी ती दोन-दोन करून तीन खेपांत बसमधून आणली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्यांचं हाफ तिकीट फाडू का फुल?" बाई म्हणाल्या, "बसली तर फाडा. उभी आहेत तोवर गप्प बसा."

मिटली की ती सहाही टेबलं कपाटाच्या मागे वीतभर जागेत मावायची. उघडली की खोली संपायची. हे बाईंना दिसत नव्हतं असं नाही, पण त्यांचं एक ठाम मत होतं. मांडीवर ताट घेऊन खाणं म्हणजे स्टेशनवर खाणं, आणि हातात बशी धरून उभ्यानं खाणं म्हणजे लग्नात घुसून खाणं. घरात आलेल्या माणसाच्या पुढ्यात त्याचं स्वतःचं टेबल पाहिजे. मग तो माणूस कोण, कुठला, कशाला आला, ते नंतर. मीटर बघायला आलेला माणूस असो नाहीतर सिलिंडरवाला, "आलात तसे बसा" म्हणायच्या आणि तो बसला न बसला तोच टक् करून खिटी लागायची, टेबल त्याच्या पोटाशी यायचं आणि त्यावर थालीपीठ. त्यांच्या हाताला चव फार होती असं मी म्हणणार नाही. आमटी पातळ करायच्या आणि शिऱ्यात साखर कमी. पण टेबल पुढ्यात आलं की माणसाला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत, आणि तो मुकाट्यानं पातळ आमटी प्यायचा.

प्रत्येक टेबलाच्या पोटाला लाल रंगानं नंबर घातलेला होता. एक नंबर दाराशी, सहा नंबर खिडकीच्या कोपऱ्यात. बसायचं सहापासून आणि उठायचं एकपासून. मधल्या कुणालाही मनात आलं म्हणून उठता यायचं नाही, कारण गुडघ्याला टेबल, टेबलाला दुसऱ्याचा गुडघा, असं सगळं एकात एक अडकलेलं असायचं. चार नंबरची खिटी सैल होती, तिला परकराच्या नाडीनं बांधलं होतं. त्या टेबलावर डावा कोपर टेकायचा नाही हे नेहमीच्या माणसांना ठाऊक असायचं. आणि म्हणून कोपऱ्यात माणूस बसवण्याआधी बाई प्रत्येकाला, बाई असो की बुवा, एक प्रश्न विचारायच्या, "मध्ये उठावं लागेल का? लागणार असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर मी सोडणार नाही." पहिल्यांदा आलेला माणूस लाजून लाल व्हायचा. दुसऱ्यांदा आलेला न विचारता जाऊन यायचा.

वाशी गावातली कोळीण आमच्या मजल्यावर मासे घेऊन यायची. तिला बाईंनी एकदा तीन नंबरवर बसवलं आणि पुढून-मागून टेबलं लागली. ती ओरडायला लागली, "अगो बाय, मना बांधून ठेवलास का काय? माजी पाटी भाईर हाय, मांजर खाल ना!" बाई म्हणाल्या, "पाटीशी समोरच्या बाई बसल्यात. तू खा." आणि मी खरंच कोळिणीच्या पाटीशी राखण करत बसले होते. दुसऱ्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी भांडायला आले. बाईंकडे येणाऱ्यांच्या चपला जिन्यापर्यंत जातात, अशी तक्रार होती. बाईंनी त्यांना पाचवर बसवलं. ते भांडणच विसरून गेले. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "भांडायला आलेल्याला आधी टेबल लावायचं. पुढ्यात गरम ताट असलं की माणसाला हात वर करून बोलता येत नाही, आणि हात वर करता आला नाही की अर्धं भांडण तिथंच संपतं."

मी पहिल्यांदा गेले ते माझ्या चांगलं लक्षात आहे. आमचं दार उघडं असलं की आमच्या भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो त्यांच्या खोलीतून सरळ दिसायचा, म्हणजे आम्ही कोण ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या आईला आमच्या गावात चहा मिळायचा तो अंगणात, वरून ओतलेला. मुंबईतही एका घरात माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला मी पाहिला होता, आणि त्या घरी परत गेले नव्हते. म्हणून मी दारातच उभी राहिले. बाई आतून म्हणाल्या, "उभ्या काय? दोन नंबर तुमचं." मी बसले. त्या दिवशी एक नंबरवर त्यांची जुनी मैत्रीण होती, दादरची, चांगली सोवळ्यातली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला उठायचं असतं तर दाराशीच होती, उठली असती. उठली नाही. एवढंच झालं. बाईंनी त्यावर काही भाषण केलं नाही आणि मीही आभार मानले नाहीत. दोन नंबर माझं झालं ते मात्र कायमचं.

आमची भांडणं व्हायची, नाही असं नाही. मी त्यांना तोंडावर सांगायचे की आमटीत डाळ घाला. त्या मला सांगायच्या की तुमच्या जिभेला हाड नाही. दोन दिवस बोलणं बंद, तिसऱ्या दिवशी पुन्हा टक् करून खिटी.

ह्या सगळ्याला कंटाळलेला माणूस एकच, त्यांचा मुलगा. स्वभावानं वाईट नव्हता. पण आला की दारातूनच खोलीकडे बघायचा आणि म्हणायचा, "आई, इथं कशी राहणार तू?" तिला बरं नसलं की कोण बघणार, चार माणसं आली तर बसवणार कुठं, हेच दरवेळी. एका वर्षी दिवाळीच्या आधी त्यानं पत्र पाठवलं. त्याच्या ऑफिसातल्या मित्राची मुंबईला बदली झाली होती, त्याला वाशीची जागा द्यायची ठरवली होती, आणि बाईंनी सामान आवरून पुण्याला यायचं. पत्र बाईंनी मला वाचायला दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण मी वाचेपर्यंत ते खरं मानायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. मी वाचलं आणि म्हटलं, "ह्यात विचारलेलं नाही, कळवलंय."

तिसऱ्या दिवशी बाईंनी उलट पत्र टाकलं. रविवारी सगळे जेवायला या. तू, सूनबाई, दोन्ही मुलं आणि विहीणबाई-व्याही, सहा जण. माझ्या खोलीत सगळे एका वेळी बसाल, एकही माणूस उठून बाहेर उभा राहणार नाही. तसं झालं तर मी इथंच राहणार. नाही झालं तर त्याच दिवशी तुमच्याबरोबर निघते. मी म्हटलं, "असली पैज लावतात का, राहत्या घराची?" त्या म्हणाल्या, "घर लहान म्हणतो ना? मग घरालाच बोलू दे."

शनिवारी आम्ही दोघींनी खोली रिकामी केली. ट्रंक, गाद्या, शिवणयंत्र, पाण्याचं पिंप, सगळं उचलून त्यांच्या संडास-मोरीत कोंबलं आणि दार लावून घेतलं. हे करताना आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात पुढचं आलं नाही. म्हणजे मी काही शहाणपणाचा तोरा मिरवत नाही. शिवणयंत्राचं एक टोक माझ्याच हातात होतं.

रविवारी मंडळी आली. पुरणपोळी, कटाची आमटी, कोकमाचं सरबत. विहीणबाई म्हणजे सुनेची आई, म्हणजे मानाची बाई. मानाच्या माणसाला पंख्याखाली, खिडकीच्या कोपऱ्यात बसवायचं, म्हणजे सहा नंबर. मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हटलं, "त्यांना विचारलंत का?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. "विहिणीला विचारू? मध्ये संडासला उठाल का म्हणून? उद्या त्या सगळ्या पुण्यात सांगतील." साऱ्या जगाला तो प्रश्न विचारणारी बाई विहिणीपुढं गप्प बसली, आणि विहीणबाई कोपऱ्यात जाऊन बसल्या. मग व्याही, मग दोन्ही मुलं, मग सून, आणि दाराशी एक नंबरवर मुलगा. टक्, टक्, टक्, सहा खिट्या लागल्या. सहा ताटं वाढली. सगळे बसले. मुलानं खोलीभर नजर फिरवली आणि ताट पुढं ओढलं. बाईंचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, झालं, जिंकल्या.

पण विहीणबाई जेवेनात. पोळीचा एक तुकडा मोडून तसाच धरून बसलेल्या. बाईंना वाटलं, पसंत पडलं नाही. मग सुरू झाला आग्रह. "पोळी नको तर सरबत तरी घ्या." विहीणबाईंनी घेतलं, कारण नको म्हणणं बरं दिसत नाही. "आणखी एक पेला." तोही घेतला. तिसरा पेला आला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. एक बाई मानापायी विचारत नव्हती, दुसरी मानापायी सांगत नव्हती, आणि सरबत मात्र वाढत होतं. मी दारातून सगळं बघत होते. मला मान ठेवता येत नाही असं माझ्या सासूबाईही म्हणायच्या, तर मी मोठ्यानंच विचारलं, "विहीणबाई, संडासला जायचंय का?"

सून माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. आणि कोपऱ्यातून लहान मुलीसारखा आवाज आला, "हो हो. लवकर."

बाई मोरीकडे धावल्या आणि दाराशीच थबकल्या. आत शिवणयंत्र होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "अगं आई गं." मी म्हटलं, "माझ्याकडे नेते. आधी टेबलं काढा." आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली. वरच्या मजल्यावर राहणारे वायरमन धावत आले, सेक्रेटरी आले, मासे विकून जिना उतरत असलेली कोळीणही पाटी ठेवून आली. ह्या सगळ्यांनी त्या टेबलांवर शंभर वेळा खाल्लेलं, कुणाला काही सांगावं लागलं नाही. "एक नंबर घ्या. दोन. तीन. चार सांभाळून, नाडी बघा." ताटासकट टेबलं हातोहात बाहेर गेली. आमटीचा एक थेंब सांडला नाही. कोळीण आत हात घालून म्हणाली, "ये गो बाय, माजा हात धर," आणि विहीणबाईंना तिनं उचलूनच बाहेर काढलं. मी त्यांना माझ्या घरात नेलं. पुढचं सांगायची गरज नाही. वेळेत पोचलो.

बाहेर येऊन त्या माझ्या खाटेवर बसल्या. दोन मिनिटं नुसत्या श्वास घेत होत्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. मी पदरानं वारा घातला. हसून झाल्यावर म्हणाल्या, "ही माणसं कोण हो?"

म्हटलं, "शेजारी."

"सगळी यांच्याकडे येतात?"

"येतात म्हणजे, सुटत नाहीत."

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुण्याला त्यांच्यासाठी गॅलरीत कॉट टाकायची ठरलीय. मुलीनं मला दाखवली जागा. मी मागच्या खेपेला आठ दिवस तिथंच झोपले होते. सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणी बोलायला नसायचं, आणि दूधवाला गेल्यावरही नसायचं." एवढं बोलून त्या उठल्या आणि साडी नीट केली.

समोर वेगळंच चाललेलं. सगळी मंडळी बाहेर जिन्याशी उभी, टेबलं भिंतीला ओळीनं. मुलगा आईला म्हणत होता, "आई, तूच लिहिलं होतंस ना, एकही माणूस उठून बाहेर उभा राहणार नाही? बघ, सगळे बाहेर आहोत." खरं होतं ते. चिडून म्हणत नव्हता, उलट समजावून सांगत होता, आणि तेच वाईट होतं. बाईंनी मान खाली घातली. हातात सरबताचं भांडं तसंच. "भरते ट्रंक," म्हणाल्या. भांडण करून हरल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. ती बाई आपल्या शब्दाला धरून चालली होती, आणि ते मला बघवेना.

विहीणबाई सगळ्यांच्या मधून सरळ आत गेल्या आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात बसल्या. म्हणाल्या, "माझं टेबल आणा. मी अजून जेवतेय."

मुलगा आईकडे बघायला लागला.

"जावईबापू, मी उठले नव्हते. मी जाऊन आले. त्याला उठणं म्हणत नाहीत. आणा टेबल."

जावई सासूला काय बोलणार? त्यानं स्वतः सहा नंबर उचलून आत नेलं. ते त्याला मांडता येईना, खिटी लागेना, तर त्याच्या धाकट्या मुलीनं टक् करून लावून दिली. विहीणबाईंनी पोळी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. मग जावयाकडे न बघताच म्हणाल्या, "यांना इथंच राहू द्या. आम्हालाही कधीतरी चार दिवस यायला घर नको का?" व्याही इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "बरोबर आहे." झालं. मित्राला दुसरी जागा बघायला सांगतो, असं मुलगा म्हणाला. मी माझ्या घरात जाऊन घटाघटा पाणी प्यायले. सकाळपासून प्यायले नव्हते हे तेव्हा कळलं.

पुण्याची गाडी हायवेवर मिळायची. पोचवायला बाई गेल्या, त्यांच्याबरोबर मी गेले. मुलगा खिडकीतून म्हणाला, "आई, औषधं वेळेवर घे." गाडी गेली. आम्ही परत फिरलो. मी म्हटलं, "सुटलात एकदाच्या."

"सुटले," त्या म्हणाल्या. नेहमी भरभर चालणारी बाई त्या दिवशी सावकाश चालत होती. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "एक सांगू? इथं कशी राहणार, इथं कशी राहणार, असं त्यानं इतकी वर्षं विचारलं. तू नाहीस तर घर रिकामं वाटतं, ये, असं एकदा म्हणाला असता ना, तर गॅलरीत काय, मी त्याच्या जिन्यातसुद्धा झोपले असते."

गॅलरीतल्या कॉटचं त्यांना माहीत होतं तर. मी म्हटलं, "बरं झालं, तो तसं म्हणाला नाही ते." त्यांना वाटलं मी थट्टा करते, आणि त्या हसल्या. मी थट्टा करत नव्हते.

पुढं नऊ वर्षं त्या माझ्यासमोर राहिल्या. विहीणबाई दर वर्षी चार दिवस म्हणून यायच्या आणि पंधरा दिवस राहायच्या. मग एका उन्हाळ्यात बाई गेल्या, त्याच खोलीत, फार आजारी न पडता. मुलानं सगळं नीट केलं. रडलाही. टेबलं तो पुण्याला घेऊन गेला, ते बरं केलं.

आता समोर तिसरं कुटुंब आहे. माणसं चांगली आहेत, सणाला डबा पाठवतात. त्यांच्याकडे मोठा सोफा आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावर मी अजून बसलेले नाही. मला कुणी बस म्हटलेलं नाही.